आधी हात आवरा, मग जीभही!

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला मी तुम्हांला उन्हाळ्याच्या साठवणीबद्दल लिहीन म्हणाले होते. पण मध्यंतरी आमच्या घरी असं काही घडलं, की साठवणीचा विषय निराळ्याच वाटेनं पुढे आला. डब्या-बरण्यांतली साठवण आपण डोळ्यांत तेल घालून जपतो. संगणकातल्या साठवणीचं काय?

तर झालं असं. आमच्या सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन महिन्यावर आलं होतं. त्यांचं माहेर राजापूरकडचं. फणसाची सांदणं, खांडवी, पातोळे, भोपळ्याचे घारगे, कुळथाचं पिठलं, सगळं त्यांच्या हातात. पण कागदावर एक अक्षर नाही. आता डोळ्यांना कमी दिसतं, आठवणही कधी साथ देते, कधी देत नाही. म्हणून मी ठरवलं की त्या सांगतील तसं टिपून घ्यायचं आणि समारंभाला पुस्तक करून सगळ्या नातेवाइकांना द्यायचं. सात महिने दुपारी त्या सांगत होत्या, मी टाईप करीत होते. त्यांचं माप चिपट्या-मापट्यांचं, माझं वाटी-चमच्याचं. त्यावरून आमचे वाददेखील होत! १३२ पाककृती झाल्या. फाईलला नाव दिलं ‘आईंची वही’. शाळेत मोकळा तास मिळाला की तिथंही चार ओळी व्हाव्यात, म्हणून ती मी पेन ड्राइव्हवर ठेवली होती. फक्त पेन ड्राइव्हवर.

एका शनिवारी संध्याकाळी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, तर वही नाही!

काय सांगू, हातपायच गळाले. वर पाहिलं, खाली पाहिलं, नाव घालून सगळीकडे शोधलं. नाही म्हणजे नाही. आणि मग मी तेच केलं, जे आपल्यापैकी दहाजणींतल्या नऊजणी करतील. चिरंजीवांना हाक मारली. नववीत आहे. शुक्रवारी त्यानं तोच पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून सिनेमा पाहिला होता. झालं! "तूच उडवलीस. शंभरदा सांगितलंय माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून. आजीचं सात महिन्यांचं काम मातीत घातलंस." तो म्हणाला, "आई, मी नाही काही केलं." मी म्हटलं, "मग काय भुतानं केलं?" बोलायचं ते बोलले, बोलू नये तेही बोलले. तो खाली मान घालून आत निघून गेला. जेवायलासुद्धा आला नाही.

आणि पुढची चूक ऐका. रागाच्या भरात मी बसले नव्यानं टाईप करायला. आठवेल तेवढं दोन पानं लिहिलं आणि ठेवलं कुठे? त्याच पेन ड्राइव्हवर. एवढ्यावर थांबले नाही. सोमवारी शाळेत द्यायचे म्हणून स्नेहसंमेलनाचे दोनशेच्या वर फोटोही रात्रीच त्याच्यात भरून टाकले.

रविवारी सकाळी आमच्या ‘ह्यां’नी पुण्याला पुतणीला फोन लावला. ती इंजिनिअरिंगला आहे. तिनं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "काकू, आधी तो पेन ड्राइव्ह काढून बाजूला ठेव. काल त्याच्यात आणखी काही भरलं नाहीस ना?" मी गप्प. "बरं," ती म्हणाली, "मग जे झालं ते झालं. आता मात्र हात लावू नकोस."

ती असं का म्हणाली, हे मला तिनं जे समजावलं ते तुम्हांला माझ्या भाषेत सांगते. फळीवर वीस डबे आहेत आणि प्रत्येकावर चिठ्ठी आहे, असं समजा. फाईल डिलीट केली की संगणक डबा रिकामा करीत नाही. नुसती चिठ्ठी काढून टाकतो आणि स्वतःशी नोंद करतो, ‘हा डबा आता वापरायला मोकळा.’ आतली डाळ तशीच असते. पण चिठ्ठी नाही म्हणून आपल्याला डबा दिसत नाही. आता तुम्ही नवीन सामान आणलंत, तर तो ते कुठल्याही मोकळ्या डब्यात ओतणार. ज्या क्षणी त्या डब्यात साखर पडली, त्या क्षणी डाळ गेली. तेव्हा पुसलं म्हणजे लगेच गेलं असं नाही. पण पुसल्यानंतर आपण जी धांदल करतो, तिच्यानं मात्र खरोखर जातं. मी रात्री भरलेले दोनशे फोटो म्हणजे मीच ओतलेली साखर!

मग तिनं फोनवरून एकेक पायरी करून घेतली. ‘रिकुव्हा’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवायला लावला, पेन ड्राइव्हवर नव्हे. मग पेन ड्राइव्ह लावून शोध घेतला. पडद्यावर पुसलेल्या फाईलींची यादी आली. प्रत्येकीपुढे रंगाचा ठिपका असतो. हिरवा असला तर फाईल शाबूत, नारिंगी असला तर आशा कमी, लाल असला तर आशा जवळजवळ सोडायची. आमच्या वहीपुढे लाल! तरी ती लॅपटॉपवर काढून घेतली. नाव बरोबर, पण उघडेना. ‘फाईल खराब झाली आहे’ एवढंच. मग ‘फोटोरेक’ नावाचा दुसरा फुकटचा प्रोग्रॅम चालवला. नाव फोटोचं असलं तरी तो कागदपत्रंही शोधतो. तो चिठ्ठ्यांकडे बघतच नाही. एकेक डबा उघडून आतला जिन्नस ओळखतो. म्हणून त्यानं काढलेल्या फाईलींना नावं नसतात, नुसते आकडे. चाळीसेक फाईली एकेक करून उघडल्या. जुन्या प्रश्नपत्रिका निघाल्या, सत्यनारायणाच्या सामानाची यादी निघाली. वही नाही.

पण खरी गोष्ट तर त्या पहिल्या यादीत होती. मी ती पुन्हा वाचली आणि मला दरदरून घाम फुटला. तिथं तीन नावं लागोपाठ होती: ‘अंतिम प्रश्नपत्रिका’, ‘आईंची वही’, ‘आकारिक चाचणी’. गुरुवारी शाळेतल्या संगणकावर पहिली आणि तिसरी मीच काढून टाकली होती. पहिलीवर टिचकी मारली, शिफ्टचं बटण दाबून दुसऱ्या नावावर मारली. तसं केलं की मधलं सगळं निवडलं जातं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अकारविल्हे यादीत वही नेमकी त्या दोघींच्या मध्ये. संगणकानं विचारलंही होतं, ‘या ३ वस्तू कायमच्या काढून टाकायच्या?’ मला काढायच्या होत्या दोन. पण तास सुरू व्हायची घंटा झाली होती. न वाचताच ‘हो’ दाबलं आणि वर्गावर गेले.

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि चोर कोण, तर मीच.

मैत्रिणींनो, मुलाची माफी मागायची म्हणजे आपल्याला किती जड जातं, नाही? आपण मोठे, आपण शिक्षिका. रात्री त्याच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "माझं चुकलं रे. वही मीच उडवली. तुला उगाच बोलले." तो जरा वेळ काही बोलला नाही. मग उठला, लॅपटॉप घेतला आणि स्वतःचा एक फोल्डर उघडून माझ्यापुढे ठेवला. त्याचं नाव ‘सरप्राईज’. आत आजीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, पितळी पातेल्याचं चित्र काढून रंगवलेलं. आणि शेजारी अख्खी वही! पानं किती होतात ते बघायला महिन्यापूर्वी त्यानं माझ्या पेन ड्राइव्हवरून उतरवून घेतली होती आणि मला कळू नये म्हणून नाव बदललं होतं. म्हणून तर माझ्या शोधात ती सापडली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा!

"अरे, मग काल का नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे हात लावलाच होतास ना!"

यावर मी काय बोलणार? खरं होतं ते. म्हटलीच असती.

त्या प्रतीत १२५ पाककृती होत्या. शेवटच्या सात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी आईंजवळ बसून त्या पुन्हा विचारल्या. सहा मिळाल्या, पण थोड्या वेगळ्या. सातवी होती बाळंतिणीच्या सुंठीच्या लाडवांची, त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेली. सुंठ किती, डिंक किती, खसखस कधी घालायची, सगळं मी त्यांच्याकडून तीन आठवड्यांपूर्वी लिहून घेतलं होतं. आई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं का तुला? आता नाही गं आठवत." मी दोन-तीनदा विचारलं. मग त्यांनाच वाईट वाटू लागलं, म्हणून सोडून दिलं. पुस्तक छापून झालं, समारंभ छान झाला. त्या पानावर फक्त नाव आहे आणि खाली कोरी जागा आहे. मुलगा म्हणाला, "ठेवू या, आजीला आठवलं तर लिहू."

असो. तुमच्यावर ही पाळी येऊ नये, आणि आलीच तर माझ्यासारखी धांदल होऊ नये, म्हणून क्रमानं सांगते. हे पान कापून संगणकाजवळच्या खणात ठेवा.

१. फाईल दिसेनाशी झाली की आधी थांबा. नुकतीच पुसली असेल तर कंट्रोल आणि झेड ही बटणं एकदम दाबा. पुष्कळदा तेवढ्यानंच परत येते.

२. संगणकातली कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन, उघडा. फाईलवर उजवी टिचकी मारून ‘रिस्टोअर’ म्हणा, ती मूळ जागी जाते. पण लक्षात असू द्या, पेन ड्राइव्हवरून पुसलेली किंवा शिफ्ट धरून डिलीट केलेली फाईल या पेटीत सहसा येत नाही. आणि आवराआवर करताना पेटी उगाच रिकामी करू नका.

३. नाव बदललं असेल किंवा चुकून दुसऱ्या फोल्डरात ओढली गेली असेल. नावानं सापडली नाही, तर आतल्या एखाद्या शब्दानं शोधा. मी ‘सांदणं’ असा शब्द घालून लॅपटॉपवर शोध घेतला असता, तर कदाचित शनिवारीच काम झालं असतं.

४. वर्डमध्ये लिहिलेलं जतन करायच्या आत वीज गेली, तर ‘फाईल’, मग ‘इन्फो’, मग ‘मॅनेज डॉक्युमेंट’ इथं जतन न केलेल्या मजकुराची प्रत बघा.

५. गूगल ड्राइव्हवरून पुसलेली फाईल तिथल्या कचरापेटीत ३० दिवस राहते. गूगल फोटोजवर चढवून ठेवलेला फोटो पुसला, तर तो ६० दिवस राहतो. आयफोनमध्ये नुकत्याच पुसलेल्या फोटोंचा वेगळा कप्पा असतो, तिथं ३० दिवस. मुदत संपायच्या आत बघा.

६. इथंही नसेल तर पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचं कार्ड काढून ठेवा आणि वर सांगितलेल्या प्रोग्रॅमांपैकी एखादा वापरा. दोन नियम पाळायचे. ज्यावरून फाईल गेली त्यावर प्रोग्रॅम उतरवायचा नाही, आणि सापडलेली फाईल त्याच्यावरच परत ठेवायची नाही. दुसऱ्या जागी ठेवायची. ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असं संगणकानं विचारलं, तर घाबरून ‘हो’ म्हणू नका, रद्द करा.

७. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरती तबकडी नसते, ‘एसएसडी’ असते. ती फार टापटिपीची! मोकळा झालेला डबा ती आपणहून विसळून ठेवते. तिथून कायमची पुसलेली फाईल परत मिळण्याची आशा फारच थोडी. तेव्हा तिथं दुसरी प्रत हाच उपाय.

८. जुन्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर घरी काहीच खटपट करू नका. लगेच बंद करा आणि जाणकाराकडे न्या. फाईल नाही मिळाली तर किती पैसे घेणार, ते आधीच विचारून घ्या. आणि आत घरगुती फोटो असतील, तर कुणाच्या हाती देतो आहोत याचाही विचार करा.

त्यावरून आठवलं. पुसलेलं परत मिळतं, ही गोष्ट उलट्या बाजूनंही खरी आहे! आपण जुना पेन ड्राइव्ह कामवाल्या बाईंच्या मुलाला देतो, जुना लॅपटॉप भंगारात घालतो. फोटो पुसून टाकले म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. पण चिठ्ठ्या काढलेले भरलेले डबेच आपण देत असतो. देण्याआधी फॉरमॅट करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा आणि पूर्ण फॉरमॅट करा. वेळ लागेल, लागू द्या. मोबाईल असेल तर ‘फॅक्टरी रीसेट’ करूनच द्या.

आता मुख्य गोष्ट, दुसरी प्रत. जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात: एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली १ घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे गूगल ड्राइव्हवर चढवलेली, स्वतःला मेल केलेली, किंवा माहेरी भावाकडे ठेवलेली. मी आता शनिवारी दिवाबत्ती झाली की पाच मिनिटं यासाठी ठेवली आहेत. आणि प्रत नुसती करून भागत नाही, मधूनमधून उघडूनही बघायची. लोणच्याची बरणी नाही का आपण अधूनमधून उघडून बघत?

हे मोठमोठ्यांकडूनही राहतं बरं का. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार या कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या मुलांच्या चित्रपटाचं काम चाललं होतं. कुणाकडून तरी संगणकाला चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाचा बहुतेक सगळा भाग भराभर पुसला गेला. राखीव प्रत बघायला गेले, तर तीही नीट होत नव्हती! चित्रपट वाचला तो गॅलिन सुस्मन या बाईंमुळे. त्यांचं मूल तान्हं होतं, म्हणून त्या घरून काम करीत आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवीत. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत घालून कचेरीत नेला. १९९९ साली चित्रपट पडद्यावर आला. तान्ह्या बाळासाठी घरी थांबलेल्या आईच्या संगणकानं सगळ्यांचं काम राखलं, हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

शेवटी, आठ नियमांपेक्षा मोठा वाटलेला नववा. घरात काही हरवलं, सांडलं, पुसलं गेलं, की पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा विचारू नका. ‘काय काय झालं, सांग बरं’ असं विचारा. मी शनिवारी तसं विचारलं असतं, तर वही तासाभरात हाती आली असती. रविवारचा दिवस वाचला असता, आणि पोर उपाशी झोपलं नसतं. घाबरलेलं माणूस आपल्याला हवी ती माहिती कधीच सांगत नाही, मग ते नववीतलं असो की चाळिशीतलं.

आणि हो, तुमच्या घरात ज्यांना जुनं काही आठवतंय, त्यांच्याजवळ या आठवड्यातच वही घेऊन बसा. त्याची मात्र दुसरी प्रत कुठे मिळत नाही.

उन्हाळ्याची साठवण पुढच्या खेपेला, नक्की!